डचांच्या वखारीचा वरचा मजला

नोव्हेंबर अर्धा सरला की एका सकाळी अंगावर चादर ओढावीशी वाटते, हात एसीच्या रिमोटकडे जातो आणि सहा-सात महिने घरघरणारं ते यंत्र एकदाचं गप्प होतं. बहारीनमधल्या सनाबिसच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मग बाहेरचे आवाज ऐकू येतात. बुलबुल, शेजारच्या इमारतीतला कुणाचा तरी खोकला, लांबची बांग. सुनंदा, म्हणजे माझी बायको, खिडकी उघडते. मी म्हणतो, "आला!" कोण आला ते तिला विचारावं लागत नाही. चुन्याचा हंगाम आला.

कुणाचा हंगाम आंब्याचा असतो, कुणाचा भाताचा. माझा चुन्याचा. बहारीनच्या उन्हाळ्यात भिंतीला चुना लावायला जावं तर थापी उचलेपर्यंत तो सुकतो आणि वाळक्या तळ्यासारखा तडकतो. म्हणून उन्हाळाभर तो पिंपात, पाण्याखाली मुरत ठेवायचा. हवा फिरली की झाकणं उघडायची. झाकण उघडल्यावर जो वास येतो ना, ओल्या पाटीचा, तो आला की मला अजून शाळेतून पळून बापाच्या कामावर गेल्यासारखं वाटतं. मग मी चिमूटभर वाळू घेतो आणि जिभेवर ठेवतो. ताजा चुना नव्हे हं, जीभ भाजेल! वाळू चाखायची, नाहीतर जुना पिकलेला गिलावा. नवीन पोरं हसतात. हसू देत. ही चव घ्यायला मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो, तेसुद्धा तेरा वर्षांच्या लेकीच्या शेजारी उभा राहून. त्या हंगामाची आठवण दरवर्षी या वासाबरोबर वर येते.

मी वेंगुर्ल्याचा. गवंड्याचा मुलगा आणि स्वतः गवंडी. इथे आलो तो सिमेंटच्या कामावर. पलीकडे सीफमध्ये काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यातल्या कित्येकांच्या आतल्या भिंती माझ्या ओळंब्याखालून गेल्या आहेत. मग कळलं, मुहर्रकमधली जुनी घरं दुरुस्त करायला चुन्याची माणसं हवी आहेत. मुलाखतीत विचारलं, "चुन्याचं काम येतं?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, रक्तात आहे!" आता खरं सांगायचं तर मी चुना शेवटचा हाताळला तो चड्डीत असताना, बापाला घमेलं देण्यापुरता. पण रक्तात आहे म्हटलं. घेतलं.

बढाई मारायची माझी खोड जुनी आहे. गणपतीत, कोजागिरीला इथली मराठी मंडळी एकत्र जमतात. पुण्याचे इंजिनियर, मुंबईचे बँकवाले. प्रत्येकाच्या गावात काहीतरी ऐतिहासिक असतंच. कुणाचा किल्ला, कुणाची बारव, कुणाच्या पणजोबांची सनद. मी तर गवंडी माणूस, माझ्याकडे काय? माझ्याकडे डच! "आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे," मी सांगायचो. "साडेतीनशे वर्षं झाली. खाडीच्या तोंडावर. आधी गोरे यायचे ते आमच्याकडे, मग बाकीच्यांकडे." पहिल्या वर्षी वखार एक मजली होती. पुढच्या वर्षी वरचा मजला चढला. मग सागवानी जिना आला, नक्षीच्या खिडक्या आल्या, तोफा आल्या. घरी परत येताना सुनंदा गाडीत विचारायची, "अहो, यंदा तोफा किती झाल्या?"

सई, आमची लेक, मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आणि तिने त्या वखारीवर विश्वास ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरं एक मात्र मला वेळेवर कळलं होतं. सातवीत असताना तिने शाळेचा एक फॉर्म भरून माझ्यापुढे सहीला ठेवला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात लिहिलं होतं, कन्स्ट्रक्शन मॅनेजर. मी कधीच मॅनेजर नव्हतो. फोरमनसुद्धा नवा नवा होतो. मी पेन हातात धरून बसलो. ती खाली बघत होती. तिच्या वर्गातल्या मुलांचे बाप टाय लावून जातात, माझ्या नखात पांढरं असतं. मी सही केली. ती सही मला पुढे वर्षभर टोचत राहिली. पोरीने आपल्या बापाचं काम चारचौघांत त्याच्या खऱ्या नावाने सांगावं, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच मागायची माझी टाप नव्हती.

मग तो हंगाम आला. मुहर्रकच्या एका जुन्या घराची मागची भिंत माझ्याकडे दिली होती, माझी पहिली भिंत. या घरांचा दगड समुद्रातून काढलेला असतो, हलका, जाळीदार, प्रवाळाचा. आमच्यावर एक वयस्क बहारीनी उस्ताद होते, अबू हसन. थोडी हिंदी, थोडी अरबी, बरीचशी भुवई. ते तीन दिवस दुसऱ्या साइटवर गेले आणि मी ठरवलं, आता रक्तातलं दाखवू. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करायचा तर आधी पाणी पाजतात. जांभा चिरा तहानलेला असतो, घडाभर पाणी ओतलं तरी गटागटा पितो. न्हाऊन काढल्याशिवाय चुना धरत नाही. बापाला मी हेच करताना पाहिलं होतं. मीही पाइप लावला. सकाळ-संध्याकाळ पाणी, मग गिलावा, वर परत पाणी. इतका सुंदर बसला म्हणता! मी शुक्रवारी सुनंदाला आणि सईला मुद्दाम डबा घेऊन बोलावलं, भिंत दाखवायला.

त्या आल्या तेव्हा भिंतीला मिशा फुटल्या होत्या. पांढऱ्या, कापसासारख्या. समुद्राच्या दगडातलं सगळं मीठ पाण्याबरोबर बाहेर येऊन फुललं होतं. अबू हसन परत आलेले. त्यांनी गिलाव्याला नुसतं बोट लावलं आणि हातभर तुकडा खाली पडला. "पानी? इतना पानी?" मी म्हटलं, "उस्ताद, बराबर लगाया था." त्यांनी हात झटकले. "बराबर मफी, नहीं. खलास. सब निकालो." आणि निघून गेले. सई डबा घेऊन उभी होती. "बाबा, डिड यू मेक अ मिस्टेक?" मी म्हटलं, "छे! इथला मालच खराब आहे." खोटं बोललो. सरळ, लेकीच्या तोंडावर.

त्याच महिन्यात शाळेने प्रकल्प दिला. युरोपातले व्यापारी किंवा सैनिक येऊन राहिले अशी एक जागा प्रत्यक्ष पाहायची आणि वर्गात पालकांसमोर मांडायची. बाकी मुलांनी सोपं केलं. बहारीनचा किल्ला दहा मिनिटांवर, पोर्तुगीज तयार. सई म्हणाली, "आय विल डू बाबाज् डच पॅलेस." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. गावातल्या त्या वखारीत मी शेवटचा गेलो होतो तो चेंडू आणायला, तोही अर्ध्यावरून साप बघून पळालो होतो. पण डिसेंबरची सुट्टी होती, आई-बापाचं घर होतं, आणि बढाई अंगाशी आल्यावर पळून जायला बहारीन फारच लहान देश आहे.

दहा दिवसांची रजा काढली. गावी नानाकाका होते, माझ्या बापाचे धाकटे भाऊ. वय पंच्याहत्तरच्या पुढे, हात अजून गवंड्याचा. बाप गेल्यावर चुना कळणारं घरात तेच एक माणूस उरलेलं. सकाळी ऊन चढायच्या आत नानाकाका, सई आणि मी वखारीकडे निघालो. डिसेंबरातलं वेंगुर्लं म्हणजे धुकं, काजूच्या पानांवरून टपटपणारं दव, आणि कुणाच्या तरी परसात जळणाऱ्या पाल्याचा धूर. सईने नवी वही घेतली होती. पहिल्या पानावर तिने आधीच एक महाल काढून ठेवला होता, माझ्या वर्णनावरून. जिना होता. तोफासुद्धा होत्या, मी मोजल्या. सहा.

आणि मग वखार आली.

भिंती होत्या. जाडजूड, काळवंडलेल्या, जांभ्याच्या. त्यांच्यात मुळं शिरलेली, वेलींनी अर्धी तोंडं झाकलेली. छप्पर नव्हतं. मजल्यांच्या जागी आभाळ. वरच्या खिडक्यांमधून निळं दिसत होतं आणि एक खारूताई इकडून तिकडे जात होती. सई वही उघडून उभी राहिली. एकदा वर बघे, एकदा चित्राकडे. "दॅट्स इट? बाबा, व्हेअर इज द अपर फ्लोअर?"

वरचा मजला सनाबिसमध्ये होता, माझ्या तोंडात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी सांगायला लागलो, "पूर्वी इथे...", तेवढ्यात नानाकाका म्हणाले, "वरचो माळो पडलो गो बाय. लाकडाचो होतो, कुसान गेलो. भिंत बघ तू. भिंत ऱ्हवली."

त्यांनी खाली पडलेला गिलाव्याचा एक खडा उचलला, धोतराला पुसला आणि सईपुढे धरला. "चाटून बघ."

"एऽ, नो!"

"चाट गो. भिंत कशी आसा ता डोळ्यांक नाय कळणा. जिभेक कळता."

आधी त्यांनी स्वतः जीभ लावली. मग माझ्याकडे दिला. बापाने मला हे कधी शिकवलं नव्हतं, की मी शिकलो नव्हतो, कोण जाणे. मीही चाटला. मग सईने, डोळे गच्च मिटून.

"खारट लागता?"

सईने मान हलवली. "नो. नथिंग. मातीसारखं."

मराठीत बोलली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, नाहीतर लगेच बंद झाली असती.

"मगे!" नानाकाकांचा चेहरा असा खुलला की जणू वखार त्यांनीच बांधली. "दर्या हाकेर आसा. घमेलां भरून रेती आणूक कितीसो येळ? पण खारी रेती चुन्याक लागली की भिंत रडता. म्हणान रेती आणली थंयसून, वरसून, गोड्या पाण्यातसून." त्यांनी हात केला तिकडे खाडी होती, आणि खाडीच्या वर, डोंगरांच्या कुशीत, नदीचं खोरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीतून होडीने फिरलो. होडी वल्हवणारी बाई सईपेक्षा बारीक, पण वल्हं असं मारत होती की सई बघतच राहिली. दोन्ही बाजूला कांदळवन, त्याच्या मुळांत खेकडे, वर धीवर पक्षी. नानाकाकांनी बंदराची जुनी जागा दाखवली. इथे मचवे लागायचे, मोठी गलबतं तिथे बाहेर नांगर टाकायची. मिरी, कापड, तांदूळ. मग वर, जिथे पाणी गोडं होतं, तिथली पांढरीशुभ्र वाळू. हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. आमच्या घरात बापाने मुलाला सांगितलेलं आहे, खरं-खोटं देव जाणे. पण वाळू मी जिभेवर ठेवली तेव्हा ती गोडी होती, एवढं मी छातीठोक सांगतो.

सईने वहीत विचारायचे प्रश्न लिहून आणले होते. होडीत तिने पहिला विचारला. "व्हाय डिड द डच बिल्ड इट हिअर?" मी तो नानाकाकांना सांगितला. डचांनी वखार इथेच का बांधली?

नानाकाका इतके हसले की होडी हलली. "डचांनी? डच खुर्चेर बसान हुकूम करी. चिरो कोणी फोडलो? चुनो कोणी मळलो? रेतीची घमेलां डोक्यार घेऊन आमच्या बायो चलत आयल्यो. डचाक चुनो म्हणजे काय ता तरी ठावक होता?"

सई लिहायची थांबली. मीसुद्धा वल्ह्याकडे बघत बसलो. वीस वर्षं मी सांगत होतो, आमच्याकडे डच होते. आमच्याकडे आम्हीही होतो, हे एकदाही सांगितलं नव्हतं!

मग नानाकाकांनी सहज विचारलं, "तुज्या थंयच्या भिंतीचा काय झाला? फोनार सांगत होतंस."

फोनवर मी त्यांना सांगितलं होतं, काम फक्कड झालंय. आता सई शेजारी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की ती मदत करायला बघत नाहीये, परीक्षा घेतेय. माल खराब होता, असं पुन्हा म्हटलं असतं तर नानाकाकांनी मान डोलावली असती आणि विषय संपला असता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "भरपूर पाणी पाजलं. मीठ फुटलं. गिलावा सगळा पडला."

"दगड खंयचो?"

"समुद्रातला."

नानाकाकांनी कपाळाला हात लावला. "अरे मेल्या! जल्मभर पाण्यात ऱ्हवलेल्या दगडाक परत पाणी पाजतंस? चिऱ्याची तहान त्येका लावलंस? दगडाक आधी विचारूचा, बाबा तुका काय होया! मगे हात लावूचो."

होडीवालीसुद्धा हसली. मी हसलो. सई हसली नाही. तिने माझ्या हाताच्या नखांकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं, दाखवलं नाही.

बहारीनला परत आलो त्याच दिवशी दुपारी मी मुहर्रकला गेलो. अबू हसन सावलीत खजूर खात बसले होते. मी भिंतीशी गेलो, एका दगडाला जीभ लावली आणि थुंकलो. खारट जहर! मागे वळलो तर उस्ताद हसत होते, चांगले दात दाखवून. "उस्ताद," मी म्हटलं, "गलती मेरी थी." "मालूम," ते म्हणाले. "तुम बोलेगा तब सिखाएगा, मैं वेट करता था." ते उठले आणि त्यांनीही दगडाला जीभ लावली. त्यांच्या आजोबांचीही तीच सवय होती म्हणे. आम्ही दोघं त्या भिंतीसमोर म्हाताऱ्या बकऱ्यांसारखे उभे होतो. "यल्ला, चलो," ते म्हणाले. मग मीठ कोरड्या ब्रशने झाडायचं, थांबायचं, परत झाडायचं. पाणी पाजायचं नाही, नुसता ओला हात फिरवायचा. महिना गेला. पण तो गिलावा आज इतक्या वर्षांनीही आहे. मी दर हंगामात जाऊन त्याच्यावरून हात फिरवतो. मिशा नाहीत.

सईच्या मांडणीच्या दिवशी शाळेत पालक खुर्च्यांवर दाटीवाटीने बसले होते. सुनंदा सलमानियाहून, हॉस्पिटलातल्या लॅबची ड्यूटी संपवून थेट आली होती. मी मागच्या रांगेत, हात मांड्यांखाली दाबून. आधीच्या मुलांनी किल्ले दाखवले, बुरूज दाखवले. मग सईची पाळी. पडद्यावर वखार आली, वेलींसकट, आभाळासकट.

ती इंग्रजीत बोलली, मी आपल्या भाषेत सांगतो. ती म्हणाली, "ही आमच्या गावातली डच वखार. हिला वरचा मजला नाही. वरचा मजला माझे बाबा दर गणपतीत पुन्हा बांधतात."

मराठी मंडळींतल्या दोन-तीन जणांना हसू फुटलं. सगळी माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. संपलं, म्हटलं.

मग तिने भिंतीच्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो दाखवला. नदीची वाळू सांगितली, डोक्यावरची घमेली सांगितली, चाखून बघायचं सांगितलं. मग दुसरा फोटो आला आणि मी दचकलो. मुहर्रकची माझी भिंत. आधी मिशांची, नंतर साफ. हे फोटो तिने कधी काढले मला पत्ता नव्हता. ती म्हणाली, "ही भिंत एकदा चुकली. चूक कोणाची ते बाबांनी स्वतः सांगितलं, म्हणून ती दुरुस्त झाली. माझे बाबा गवंडी आहेत." तो एकच शब्द मराठीत. गवंडी. त्याचं इंग्रजी तिने केलं नाही.

पहिल्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. "पण मग ती वखार डचांनी बांधली ना?"

"नाही," सई म्हणाली. "डचांनी हुकूम दिला. बांधली आम्ही."

आम्ही! तेरा वर्षांची ती, सनाबिसमध्ये वाढलेली, भाताचं रोप कसं असतं ते माहीत नसलेली पोर. साडेतीनशे वर्षं मागे जाऊन तिने एका शब्दात सगळ्यांना बरोबर आणलं, चिरा फोडणारे, चुना मळणारे, घमेली वाहणाऱ्या बाया, माझा बाप, आणि त्यांच्यात मला. माझी छाती इतकी भरून आली की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं.

बाईंनी मागे बघून विचारलं, सईच्या वडिलांना काही सांगायचं आहे का. मी उभा राहिलो. नखातलं पांढरं सगळ्यांना दिसत असणार, पण हात लपवावेसे वाटले नाहीत. सुनंदाने खालून माझा शर्ट ओढला आणि डोळे पुसत कुजबुजली, "अहो, तोफा किती ते तरी सांगा!"

"एकही नाही," मी मोठ्याने म्हणालो. "एकही तोफ नाही. भिंत मात्र उभी आहे."